साखरबाई कुणाच्या नावावर?

ज्या वर्षी श्रावण दोनदा आला आणि त्यापायी प्रतीक्षाच्या मुलाचं बारसं महिनाभर अडून राहिलं, त्या वर्षीची ही गोष्ट. दोन हजार तेवीस साल. पोर जन्मलं आषाढ सरता सरता, पण लगोलग अधिक महिना लागला आणि रखमाबाई आजीनं सांगून टाकलं, अधिकात नाव ठेवायचं नाही. हे घर मूळचं तासगावकडचं. आजीचा मुलगा, प्रतीक्षाचा बाप आनंदा, कारखान्यात नोकरीला म्हणून पंचवीस वर्षांपूर्वी बोईसरला आला, पण घरात शब्द चालायचा तो आजीचाच. मग पोर चाळीस दिवस नुसतं 'बाळ' म्हणून वाढलं. शेवटी सत्तावीस ऑगस्टच्या रविवारी पाळणा हलला आणि त्याच्या कानात 'दिग्विजय' असं नाव सांगितलं गेलं.

बारशाला आलेले जावई बुधवारी गावी परतणार होते. त्यांच्या आईला सुकी मासळी फार प्रिय. श्रावण सरल्यावर खातील, आता नुसती बांधून द्या, असं आजी म्हणाली आणि तिनं नातवाला, म्हणजे प्रतीक्षाच्या धाकट्या भावाला, स्वराजला, बोईसरजवळच्या दांडी या कोळ्यांच्या गावी पिटाळलं. स्वराज एका रसायनाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होता. बुधवार त्याच्या सुट्टीचा वार.

त्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. ऊन पडत होतं आणि उन्हातच मधूनमधून सरी येत होत्या. होड्यांना पताका लागल्या होत्या. एका घराच्या ओट्यावर प्लास्टिकच्या कागदाखाली सुक्या मासळीच्या पाट्या मांडून एक मुलगी बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं,

"जवळा देऊ की करंदी?"

स्वराजच्या हातातली पिशवी हातातच राहिली. हा आवाज... हा आवाज त्यानं तीन वर्षं रोज ऐकला होता. घसा किंचित बसका, शेवटचा शब्द जरा वर उचलून सोडायची लकब. चेहरा मात्र आज पहिल्यांदा दिसत होता — सावळा, कपाळावर पावसाचे चार थेंब, भुवयांमध्ये हसू दाबल्यासारखी एक आठी.

"काय झालं?" ती म्हणाली. "भाव ऐकून घाबरलात का? आजून सांगितलाच नाय मी."

हा आवाज म्हणजे रेडिओ साखरबाईचा. इंटरनेटवरचा एवढासा रेडिओ. संध्याकाळी सव्वापाचला सुरू व्हायचा, पाऊण तासात संपायचा. आधी एक म्हातारा माणूस तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून, म्हणजे अष्टमीला सहा असं, उद्याच्या भरतीची वेळ सांगायचा. मग ही मुलगी वारा सांगायची, बंदरावरचा भाव सांगायची. आणि शेवटी, अगदी सावकाश, अजून समुद्रावरून न परतलेल्या होड्यांची नावं वाचायची. एकेक होडी आल्याचा निरोप आला की ते नाव गळायचं. स्वराजला ना होडी, ना समुद्राशी संबंध. तरी ती यादी सुरू झाली की शेवटचं नाव गळेपर्यंत त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

एकदा त्यानं रेडिओच्या पानावर भीत भीत मेसेज टाकून विचारलं होतं, 'भांगाची भरती म्हणजे काय?' तिनं तो रेडिओवर वाचून दाखवला होता. म्हणाली होती, बोईसरच्या एका भावांना भांग ठाऊक नाय, तर भाऊ, ती प्यायची नसते. अष्टमीच्या आसपास भरती कमी चढते तिला आमी भांग म्हणतो. आणि हसली होती. ते हसू त्यानं जपून ठेवलं होतं.

आता ती समोर होती आणि स्वराज ओट्यापासून एक पाऊल मागं सरला. त्याचं कारण निराळंच होतं. दोन दिवसांपूर्वी त्यानं एक उपद्व्याप केला होता.

झालं असं की, पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला, त्यामुळे रेडिओही बंद. पण हा वेडा रोज एकदा ते पान उघडून बघायचा, सुरू झाला असेल तर... म्हणून. ऑगस्ट लागला आणि पानाच्या जागी पांढरा पडदा आला. आणि अठ्ठावीस तारखेला, सोमवारी, त्या पडद्यावर अक्षरं उमटली: हे नाव विक्रीला आहे. नाव म्हणजे वेबसाईटचा पत्ता; कुणीही घ्यावं असं ते उघड्यावर पडलं होतं. कळवावं तर रेडिओचा फोन नंबर त्याच पानावर होता, आणि मेलचा पत्ताही त्याच नावाचा. पाठवलेला मेल उलटून आला. दुसऱ्या कुणी झडप घालायच्या आत स्वराजनं ते नाव स्वतःच विकत घेतलं. स्वतःच्या नावावर. आणि रात्रभर जागून ते पुन्हा त्यांच्याच रेडिओला जोडून दिलं. मनाशी म्हणाला, भेटले की देऊन टाकू.

ते आज भेटले होते. त्यानं तोंड उघडलं... तेवढ्यात आतून एक ठसठशीत बाई कंबरेवर हात ठेवून बाहेर आली. ही जमनाआत्या, मुलीच्या बापाची बहीण. तिच्या तोंडाचा पट्टा आधीपासूनच चालू असावा.

"रुचिता, समजलं काय कोण हाय तो? ज्या हातानं माझ्या आयशीचं नाव चोरलं ते हात झडो मेल्याचे. त्याच्या सात पिढ्यांना मीठ नाय मिळो."

स्वराजनं दोन्ही हात पिशवीत घातले.

"किलोभर करंदी द्या," तो म्हणाला.

त्या दिवशी सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण माणसाचा एक शब्द घशात अडकला की पुढचे दहा त्याच्या मागं अडकतात. पुढच्या बुधवारी तो पुन्हा गेला, सांगायचं ठरवून. रुचितानं त्याला ओळखलं, म्हणाली, एवढी करंदी आठ दिवसांत खाल्ली? श्रावणात? त्यावर तो गडबडला आणि आपण रेडिओ ऐकतो, भांगाचा प्रश्न आपलाच, एवढं सांगून बसला. ती इतकी हसली की तराजूतला जवळा सांडला. मग तिनं त्याला आत नेऊन रेडिओची खोली दाखवली. भिंतींना जुनी जाळी आणि गोधड्या टांगल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. दारावर लाकडाची एक लांब फळी, तिच्यावर निळ्या रंगात 'साखरबाई'.

ही तिच्या आजीची आठवण. घरातल्या पहिल्या होडीला आजा एकनाथ तामोरे यानं बायकोचं नाव दिलं होतं. त्यांच्याकडे होडी मोडीत काढली तरी नावाची फळी मोडीत जात नाही. ती कापून ठेवतात आणि नव्या होडीला चढवतात. अशा तीन होड्या झाल्या. साखरबाई वारली, पुढं मुलगाही गेला, चौथी होडी करायला घरात कुणी उरलं नाही. दोन हजार वीसमध्ये सगळं बंद होतं तेव्हा नातीनं रेडिओ काढला आणि एकनाथनं ती फळी रेडिओच्या दारावर ठोकली. म्हणाला, ही आमची चौथी.

ते गेलेलं नाव परत कसं मिळवायचं याच काळजीत घर होतं. रुचिता सांगत होती की चोर विचित्र आहे, नाव घेतलं पण रेडिओ चालू ठेवला. आत्याचं म्हणणं, गळाला आमिष लावून बसलाय.

"पण ते सुटलं कसं तुमच्या हातून?" स्वराजनं विचारलं.

तिनं सांगितलं, दर वर्षी नारळी पौर्णिमेला होडीची पूजा तशी रेडिओची पूजा, आणि त्याच दिवशी नावाचे पैसे भरायचे. दोन हजार वीसच्या नारळी पौर्णिमेला नाव घेतलं होतं ना, म्हणून. मागं-पुढं व्हायचं, पण चालून जायचं. या वर्षी मात्र पैसे भरायला बसली तर नाव दुसऱ्याचं.

स्वराजनं मनातल्या मनात हिशोब केला. नाव घेतलं ती तारीख तीन ऑगस्ट. कंपनी तारीख बघते, तिथी नाही. आणि यंदा तर पौर्णिमा तीस ऑगस्टला.

"अधिक महिना," तो म्हणाला. "माझ्या भाच्याचं नाव ज्यानं महिनाभर अडवलं, त्यानंच तुमचं नेलं."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. डोळे भरून आले तिचे. आठ दिवस झाले, म्हणाली, सगळे मला सांगतात तुझा निष्काळजीपणा... तुमी पहिले, ज्यांनी माझी चूक समजून घेतली.

आता सांग, स्वराजचं मन म्हणत होतं. आता. पण कृतज्ञतेनं बघणाऱ्या त्या डोळ्यांसमोर त्याची नजर पाट्यांकडे वळली. त्यानं जवळा घेतला.

मग बुधवारमागून बुधवार गेले. गणपती आले नि गेले, दसरा झाला. 'तुमी'चा 'तू' कधी झाला दोघांनाही कळलं नाही. ती बोंबील बांबूवर टांगायला शिकवायची, तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीनं, आणि याचे बोंबील खाली पडले की म्हणायची, तुझ्या हाताला एकपण जोडी धरवत नाय. तो म्हणायचा, शिकवणारी नीट पाहिजे. त्यावर पुढचे चार बोंबील तिच्याच हातून पडायचे. एकनाथ खाटेवरून हे बघायचा आणि समुद्राकडे तोंड फिरवायचा. जितकं गोड होत होतं तितकं सांगणं अवघड होत होतं.

बोईसरच्या घरात सुक्या मासळीचे डबे इतके साठले की शेजारच्यांनी तक्रार केली. रखमाबाई एक दिवस म्हणाली, "एवढं सुकाट कोण खाणार हाय रं? त्या पोरीलाच आण म्हणावं घरला, म्हंजे जायचा हेलपाटा वाचंल."

स्वराज लाजला नाही. त्याचा चेहरा बघून म्हातारीनंच विषय सोडला. कारण त्याच सकाळी त्याला एक मेल आला होता.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. मेल मुंबईच्या एका कंपनीच्या वकिलांचा. कंपनी इंटरनेटवर मोठा रेडिओ काढत होती, त्यात साखरबाई नावाची एक भांडखोर कोळीण रोज सकाळी विनोद सांगणार होती. 'रेडिओ साखरबाई' हे नाव ट्रेडमार्क म्हणून आपल्याला मिळावं असा त्यांचा अर्ज होता. तो सरकारी जर्नलमध्ये पंचवीस सप्टेंबरला छापूनही आला होता. मेलमध्ये म्हटलं होतं: या नावाची वेबसाईट तुमच्या मालकीची दिसते. तुमचा मासेमारीशी किंवा रेडिओशी काही संबंध आढळत नाही. तेव्हा ती आम्हाला विकावी, नाहीतर दुष्ट हेतूनं नाव अडवून ठेवल्याबद्दल कारवाई करू.

स्वराजनं तो मेल सात वेळा वाचला. मग शोधून शोधून एवढं कळलं की अर्जाला हरकत घ्यायला छापल्यापासून चार महिने असतात. म्हणजे पंचवीस जानेवारी. त्यानंतर साखरबाई कायद्यानं त्यांची. एकनाथच्या बायकोचं नाव, तीन होड्यांचं नाव, आणि संध्याकाळी त्याच नावानं रुचिता तोंड उघडेल तर गुन्हा तिचा.

आणि हे साऱ्या जगात फक्त त्यालाच माहीत होतं. दांडीला कुणी जर्नल वाचत नव्हतं. नोटीस मालकाच्या पत्त्यावर येते, आणि मालक तो होता.

त्या बुधवारी तो गेलाच नाही. पुढच्याही नाही. प्रयोगशाळेत त्याच्या हातून एक काचेची नळी फुटली. संध्याकाळी रेडिओवर होड्यांची यादी संपल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "...आणि बोईसरची एक होडी दोन आठवडे बाहेर हाय. निरोप नाय." एवढंच. पुढं खरखर.

स्वराजनं गाडीला किल्ली लावली.

तो पोचला तेव्हा ती किनाऱ्यावर टांगलेले बोंबील काढत होती. ओहोटी लागली होती, पाणी लांब गेलं होतं. त्याला बघून तिच्या चेहऱ्यावर जे उजळलं ते बघून त्याला पळून जावंसं वाटलं.

"रुचिता, तुमचं नाव घेतलेला माणूस... मला माहीत आहे."

"कोण?"

"मी."

ती हसली. थट्टा वाटली तिला. मग तिनं त्याचा चेहरा नीट बघितला आणि हातातले बोंबील सावकाश पाटीत ठेवले.

त्यानं सगळं सांगितलं. पांढरा पडदा, विक्रीची पाटी, उलटलेला मेल, करंदी, अडकलेला शब्द. मग मोबाईल काढून कंपनीचा मेल दाखवला. तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर तिनं फक्त एक विचारलं.

"चार महिने तू माझ्या समोर बसून बोंबील टांगलेस. मी रोज रडत होते की चोर कोण. तुला एकदापण वाटलं नाय सांगावं?"

"रोज वाटलं."

"मग?"

"सांगितलं तर पुन्हा यायला मिळणार नाही... असं वाटलं."

तिनं उरलेले बोंबील काढून पाटी भरली. रागावली असती, चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं पाटी डोक्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाली,

"उद्या सकाळी धा वाजता पालघरला या तुमी. कागद घेऊन."

'तुमी.' त्या एका शब्दानं त्याला चार महिने मागं ओट्यावर नेऊन बसवलं.

पालघरला तेजल नावाच्या तरुण वकीलबाई होत्या. त्यांच्या टेबलासमोर तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीवर एकनाथ बसला, एका बाजूला रुचिता, दुसऱ्या बाजूला स्वराज. जमनाआत्या मागं उभी राहिली आणि स्वराजच्या हातांकडे बघत राहिली.

तेजलबाईंनी समजावून सांगितलं. वेबसाईट म्हणजे नुसता पत्ता. पत्ता कुणाच्याही नावावर असला म्हणून नावाचा हक्क त्याला मिळत नाही. हक्क ज्यानं ते नाव आधी वापरलं, ज्या नावानं लोक त्याला ओळखतात, त्याचा. कंपनीनं अर्ज केला गेल्या वर्षी. त्याआधी तुम्ही वापरत होता हे दाखवता आलं तर त्यांचा अर्ज अडवता येईल. पण आज पत्ता एका परक्या माणसाकडे आहे, त्यावर ते बोट ठेवणार: हे नाव या घराचं असेल तर घराबाहेर गेलं कसं?

स्वराजनं मान खाली घातली. तेजलबाई म्हणाल्या, यांनी लिहून द्यावं की नाव यांनी या घरासाठी सांभाळलं. ते होईल. पण मुख्य पुरावा हवा तो वापराचा. दोन हजार वीसपासूनचा. तारखेसकट.

एकनाथनं पिशवीतून वीसपासूनच्या चार दिनदर्शिका काढल्या. प्रत्येक चौकोनात भरतीची वेळ, खाली 'सांगितले'. बाईंनी त्या चाळल्या, हळूच मिटल्या. म्हणाल्या, बाबा, हे कधीही बसून लिहिता येतं असं ते म्हणतील. रेकॉर्डिंग नाही का?

रुचिताचा चेहरा उतरला. जागा पुरत नाही म्हणून ती दर महिन्याला जुनं पुसून टाकायची.

बाहेर कुणीतरी रिक्षावाल्याशी भांडत होतं. एकनाथ दिनदर्शिका परत पिशवीत भरू लागला. एक कोपरा दुमडत होता, तो सरळ करायला त्याची बोटं फार वेळ घेत होती.

"माझ्याकडे आहेत," स्वराज म्हणाला.

"काय आहेत?"

"रेकॉर्डिंग. कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागतो. पाळी असली की सव्वापाच चुकायचे. म्हणून घरी एक जुना फोन लावून ठेवला होता... तो रोजचं घ्यायचा. आपोआप."

"किती दिवसांचं आहे?"

"वीसच्या नोव्हेंबरपासून. सगळे."

"सगळे म्हणजे?"

"आठशे एकतीस."

तेजलबाईंनी लेखणी खाली ठेवली. जमनाआत्यानं पहिल्यांदा त्याच्या हातांवरून नजर उचलून तोंडाकडे बघितलं. बाई म्हणाल्या, एखादं लावा. त्यानं लावलं. खोलीत तीन वर्षांपूर्वीची रुचिता बोलू लागली, बोईसरच्या एका भावांना भांग ठाऊक नाय... आणि मग ते हसू.

"पण ऐकून झाल्यावर पुसायचं ना," तेजलबाई म्हणाल्या. "आठशे कशाला ठेवली?"

स्वराजनं फोन बंद करून खिशात ठेवला. रुचिता खिडकीबाहेर बघत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या तिच्या. थोड्या वेळानं, खिडकीकडे बघतच, ती म्हणाली,

"तूच सांग बाईंना. मला काय माहीत."

'तू'. स्वराजचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही, कारण पंचवीस जानेवारी अजून पुढं होती.

ते दिवस फार वाईट गेले. आठशे एकतीस रेकॉर्डिंगांच्या तारखा दोघांनी मिळून कागदावर उतरवल्या. होडीवाल्यांकडून लिहून घ्यायचं तर कुणी समुद्रावर, कुणी सही करायला बिचकणारं. आजा म्हणायचा, शेवटची तिथी कुठली? रुचितानं दिनदर्शिका बघून सांगितलं, पंचवीस जानेवारी म्हणजे पौष पौर्णिमा. म्हातारा म्हणाला, उधाण हाय त्या दिवशी, पाणी दारात येईल. या वेळी रुचितानं तिथी आणि तारीख दोन्हींवर लाल गोल काढला, आणि तरीही दर सकाळी स्वराजला विचारायची, आज कितवी?

हरकत बावीस तारखेला दाखल झाली. सोबत एकनाथचा स्वतःचा अर्जही, साखरबाई हे नाव रेडिओसाठी त्याच्या नावावर व्हावं म्हणून. बाई म्हणाल्या, आता चेंडू त्यांच्याकडे. उत्तर आलं तर वर्षानुवर्षं चालेल. नाही आलं, तर त्यांचा अर्ज आपोआप गळेल.

राहिला पत्ता. तो परत करायला स्वराज पौर्णिमेच्या दिवशी भर दुपारी दांडीला आला. त्याच्याकडे एक गुप्त आकडा आला होता. तो रुचितानं तिच्या मोबाईलवर टाकला की नाव तिच्याकडे जाणार होतं. उधाणाचं पाणी खरोखर ओट्याच्या पायरीपर्यंत आलेलं. एकनाथ खाटेवर, आत्या चुलीजवळ, आणि दारावरच्या निळ्या फळीखाली रुचिता.

"सांग आकडा," ती म्हणाली.

त्यानं कागद पुढं केला. तिनं तो घेतला, बघितला आणि घडी करत राहिली. एक घडी, दोन, तीन...

"हे दोघांच्या नावावर नाय होत?"

"नाही. एकाच माणसाच्या नावावर राहतं."

"अस्सं," ती म्हणाली. कागद मुठीत गेला. "मग राहू दे तुझ्याकडेच. तुला तारखा लक्षात राहतात. आमाला तिथ्या."

खाटेवरून आजा खाकरला. म्हणाला, "पोरी, साखरबाई परक्याच्या नावावर नाय ठेवायची. बाईंनी काय सांगितलं ऐकलंस ना?"

"ऐकलं, आजा."

"मग?"

रुचितानं स्वराजकडे बघितलं. भुवयांमध्ये ती पहिल्या दिवशीची आठी होती, हसू दाबल्यासारखी.

"मग तुमी याला परका ठेवू नका."

पायरीवर पाणी आपटत होतं. स्वराजला काही बोलायचं होतं, पण पुन्हा शब्द घशात अडकला. या वेळी त्यानं वाट बघितली नाही. म्हणाला, "आठशे का ठेवली, ते सांगू?"

"आता काय सांगायचं राहिलंय," ती म्हणाली.

जमनाआत्या चुलीजवळून उठली. तिनं स्वराजचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटसुलट करून बघितले आणि म्हणाली की झडो म्हटलं होतं ते मागं घेते, पण बोंबील अजून नीट टांगायला शिक.

रखमाबाई दांडीला आली ती कडेवर दिग्विजयला घेऊन. सगळं ऐकल्यावर तिनं एवढंच विचारलं की पोरगी नांदायला बोईसरला येईल का. रुचिता म्हणाली, येईन, पण सव्वापाचला मला माझ्या खोलीत बसायला लागतं. म्हातारीला ते पटलं.

कंपनीचं उत्तर आलंच नाही. पावसाळ्यात तेजलबाईंचा फोन आला, त्यांचा अर्ज गळाला. इतके दिवस पोटात घेऊन बसलेली भीती गेली यावर विश्वास बसेना. त्याच वर्षी तुळशीची लग्नं झाल्यावर महिन्याभरात स्वराज आणि रुचिताचं लग्न झालं. आता संध्याकाळी वारा ती सांगते आणि होड्यांची यादी कधी कधी तो वाचतो. त्याचा आवाज यादीच्या शेवटी अजून कापतो.

साखरबाईच्या नावाचं सर्टिफिकेट दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये आलं. त्यावर मालकाचं नाव आहे एकनाथ तामोरे. रुचितानं ते फळीच्या शेजारी लावलं, आणि पावसाळ्यापायी रेडिओ बंद होता तरी त्या संध्याकाळी तिनं तिथीची पाऊणपट स्वतःच केली, भरतीची वेळ मोठ्यानं सांगितली.

एकनाथ तामोरे त्याआधी महिनाभर, बारा मे दोन हजार पंचवीस, वैशाख पौर्णिमा, सोमवारी दुपारी तीनच्या सुमारास, ओहोटी लागल्यावर, दांडीच्या घरी वारले.